विनतेचा होकार

इंजिनिअर शाल्मली वारंगने एका परिपत्रकाने कातळशेतच्या गोदीत जितकी माणसं दुखावली, तितकी व्यवस्थापनाला बोनस कापूनही कधी जमली नव्हती. परिपत्रक दोन ओळींचं होतं. बांधकाम चालू असलेल्या नौकेवर नारळ फोडू नये आणि गाऱ्हाणं घालू नये.

खाली कारण दिलं होतं, पण परिपत्रकातलं कारण वाचायची आपल्याकडे रीत नाही. लोकांनी मनाई वाचली, मान डोलावली. मान डोलावणाऱ्या माणसावर जितका विश्वास ठेवावा तितकाच शाल्मलीने ठेवला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. तिने पूर्ण ठेवला. पुण्यात शिकून आलेल्या माणसांचा हा एक दोष असतोच.

कोकणात कुठल्याही कामाला हात लावण्याआधी गाऱ्हाणं घालतात. एकजण पुढे होतो, देवाला मोठ्याने सांगतो की बाबा, ही लेकरं हे काम करतायत, काही चुकलंमाकलं तर सांभाळून घे. दर वाक्याला तो थांबतो आणि बाकीचे म्हणतात, "व्हय म्हाराजा." शेवटी नारळ. बोट पाण्यात सोडताना, विहीर खणताना, क्रिकेटच्या फायनलला, सगळीकडे हेच. पण कातळशेतला जे बांधलं जात होतं, ते बोटीच्या मापाचं नव्हतं.

ती होती देशाची नवी विमानवाहू नौका, विनता. गरुडाच्या आईचं नाव. कामगारांनी आठवडाभरात तिची विनतावयनी, म्हणजे विनतावहिनी, करून टाकली.

विमानवाहू नौकेची अडचण अशी, की जमिनीवर विमानाला धावायला दोन-अडीच किलोमीटर मिळतात आणि इथे कसेबसे शंभर मीटर. म्हणून डेकखाली विद्युतचुंबकांची एक लांब रांग असते. पहिला चुंबक विमान ओढतो आणि दुसऱ्याच्या हवाली करतो, दुसरा तिसऱ्याच्या, आणि दोन-तीन श्वासांत उभं विमान उडण्याच्या वेगाला पोचतं. एकही चुंबक मागेपुढे होऊन चालत नाही. आणि नेमकी इथेच पंचाईत आहे, कारण एवढी मोठी नौका दिसते दगडासारखी, पण असते वेतासारखी. लाटांवर तिचं पोलाद वाकतं, पिळवटतं. डोळ्याला दिसत नाही, चुंबकांच्या रांगेला मात्र कळतं.

शाल्मलीने यावर उपाय काढला होता. नौकेच्या कण्यापासून डेकपर्यंत तिने केसासारख्या बारीक काचतंतूंचं जाळं पोलादात विणलं. तंतूंतून सतत प्रकाश सोडलेला असतो. पोलाद जिथे ताणलं जाईल, तापेल किंवा थरथरेल, तिथे तो प्रकाश वेगळा परावर्तित होतो. म्हणजे नौकेला त्वचा आली, संवेदना आली. या त्वचेमागे शिकणारा एक प्रोग्राम बसवला. त्याला कुणी नियम घालून दिले नाहीत. नौका बांधली जात असताना प्रत्येक मोठं काम, क्रेनने उचललेला प्रत्येक भाग, प्रत्येक इंजिनाची चाचणी त्याने अनुभवली. आधी पोलादाची अवस्था काय होती आणि नंतर काम सुखरूप झालं का, हे बघूनबघून तो स्वतःच शिकला, की भार झेलायला नौका केव्हा तयार असते. तयार असली की हिरवा दिवा, नसली की लाल. सगळे त्याला नुसतं जाळं म्हणत.

अशा नाजूक त्वचेवर गल्लोगल्ली नारळ आपटायचे नाहीत, एवढंच तिचं म्हणणं होतं.

नौदलाची स्वीकृती समिती आली तेव्हा विनता खाडीबाहेर खुल्या समुद्रात उभी होती. समितीचे प्रमुख होते व्हाइस अॅडमिरल कुरियन. हे गृहस्थ इतके कमी बोलत, की त्यांच्यासमोर माणसं आपण होऊन कबुलीजबाब देत. जाळं पसंत पडलं नाही तर परदेशी यंत्रणा तयारच होती. विणलेले तंतू पोलादात तसेच मरून पडणार होते आणि शाल्मलीची सात वर्षं त्यांच्याबरोबर.

तिला मात्र काळजी नव्हती. विमानाच्या वजनाचे चाकांचे लोखंडी गाडे डेकवरून समुद्रात भिरकावून तिने सगळ्या चाचण्या आधीच करून ठेवल्या होत्या. दर वेळी हिरवा दिवा.

लेफ्टनंट कमांडर नफीसा पांगारकर विमानात बसली. इंजिन गरजलं. समुद्र परातीतल्या पाण्यासारखा शांत. गोदीची माणसं स्वच्छ कपड्यांत, हात मागे बांधून, आयुष्यात पहिल्यांदाच शिस्तीत उभी होती.

लाल दिवा.

पुन्हा तपासणी, पुन्हा लाल. संध्याकाळपर्यंत चुंबक, तारा, हवामान, सगळं निर्दोष ठरलं आणि दिवा लालच राहिला. कुरियनसाहेबांनी एक शब्द काढला नाही. गोदीचे व्यवस्थापकीय संचालक प्रभुदेसाई त्यामुळे इतके हवालदिल झाले, की त्यांनी साहेबांना तीनदा चहा विचारला आणि तीनदा स्वतःच प्यायला.

दुसऱ्या दिवशी शाल्मलीने जुन्या चाचण्यांतला एकेक हिरवा दिवा उकरून काढला. प्रत्येकाच्या आधी पोलादात एक विचित्र खूण सापडत होती. बारीक थरथर, मग शांतता, मग मोठी थरथर. असं चारपाच वेळा आणि शेवटी एक ठोका. कालच्या दिवशी हीच खूण नव्हती. तिला वाटलं एखादा पंप असावा. कुठल्या खात्याचा पंप ते ओळखता यावं म्हणून तिने त्या थरथरीचा आवाज तयार केला आणि सगळ्या खातेप्रमुखांना बोलावून स्पीकरवर लावला.

पोलादातून आलेला तो आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा होता. एक लांब गुणगुण, मग थांबा, मग एकदम घुमणारा गलका. पुन्हा गुणगुण, थांबा. खोलीतले लोक टेबलाकडे बघायला लागले. शेवटच्या थांब्याला विद्युत विभागाचे डॉक्टर चिंदरकर, जे जर्मनीत शोधनिबंध वाचून आले होते, ते डोळे मिटून निव्वळ सवयीने म्हणाले, "व्हय म्हाराजा."

स्पीकरमधला ठोकाही त्याच क्षणी पडला.

शाल्मलीने आवाज बंद केला. बोलणं सुहास घाडीला भाग पडलं. चुंबकांची रांग बसवणाऱ्या टोळीचा तो मुकादम, आणि गावात गाऱ्हाणं घालायचा मान पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घरात.

"तुमी नको म्हटलास म्हणान गुपचूप घातला," तो म्हणाला. "आमका वाटला, फक्त आमीच घालतंव."

मग धरण फुटलं. वेल्डिंगवाल्यांनी सांगितलं, आमचंही होतं. रंगखातं म्हणालं, आमचं तुमच्या आधीपासून. दहा मिनिटांत लाज बाजूला राहिली आणि सर्वात जास्त नारळ कुणी फोडले यावर वाद पेटला. क्रेनचे उस्ताद शरफुद्दीन काझी यांनी खुलासा केला, की त्यांची माणसं गाऱ्हाण्यात नव्हती, फक्त खोबऱ्यात होती. परिपत्रकाचा आदर म्हणून प्रत्येक टोळीने कार्यक्रम खालच्या एखाद्या बंद खोलीत उरकला होता, म्हणजे जिथे तंतू सगळ्यात दाट विणलेले होते.

जाळ्याने त्याच्या परीने चोख काम केलं होतं. बांधकामाच्या सगळ्या काळात एकही मोठं काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू झालं नव्हतं आणि गाऱ्हाण्यानंतरचं काम बहुतेक सुखरूप पार पडलं होतं. त्याला देव माहीत नव्हता आणि नारळही. त्याने एवढंच टिपलं, की आधी ही थरथर येते, मग सगळं नीट होतं. ती आली नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय. समितीच्या दिवशी साहेबांसमोर लाज वाटून कुणी गाऱ्हाणं घातलं नाही. कातळशेतची माणसं त्या एका दिवशी परिपत्रकाप्रमाणे वागली आणि घात झाला.

घरी शाल्मलीची सासू, शरयूताई, बांगडे तळत होत्या. त्यांचा मुलगा, शाल्मलीचा नवरा, व्यापारी जहाजावर, वर्षातले सात-आठ महिने बाहेर, त्यामुळे घर या दोघींचंच. शरयूताईंनी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं आणि सुट्टीत गावोगाव फिरून अंगात येणं, भानामती यांच्याविरुद्ध भाषणं केली होती. सुनेचं कौतुक करण्याचा त्यांना वैचारिक विरोध असावा, कारण ते त्यांनी कधी केलं नव्हतं. परिपत्रकाचा मसुदा मात्र त्यांनी स्वतः तपासून दिला होता.

शाल्मलीने संतापून सगळी हकिगत सांगितली. लोक असे कसे, शिकलेले लोकसुद्धा असे कसे, हे ती बराच वेळ विचारत राहिली. शरयूताईंनी बांगडा उलटला, पुन्हा उलटला, गरज नसताना तिसऱ्यांदा उलटला.

"तुझ्या जाळ्यात पहिल्यांदा प्रकाश सोडलास, त्या दिवशी घरच्यांना बोलावलं होतंस," त्या म्हणाल्या. "त्या दिवसाचा ठोका सापडला का तुला?"

सापडला होता. सगळ्यात पहिला तोच होता.

"तो माझा."

शाल्मली नुसती बघत राहिली.

"अशी बघू नकोस. देवावर माझा विश्वास नाहीच. पण तेव्हा तुझ्या त्या काचेच्या केसांवरही नव्हता. म्हटलं, दोघांपैकी एकाचा तरी उपयोग होईल. घाडीला विचारलं, त्याने गाऱ्हाणं घातलं, मी नारळ आपटला. जोरात आपटला बहुतेक, सवय नाही ना."

शाल्मलीला आधी राग आला, मग हसू आलं आणि मग ते थांबेना. शरयूताई हसल्या नाहीत, पण सगळ्यात मोठा बांगडा तिच्या ताटात आला, आणि या घरात तेवढ्यावरून पुष्कळ कळत असे.

जेवताना त्यांनीच पुढचा धडा घेतला. त्यांच्या वर्गात एक मुलगी प्रत्येक उत्तर बरोबर द्यायची. नंतर कळलं, की तिला विज्ञान काही येत नव्हतं. बरोबर उत्तराजवळ आली की बाईंची भुवई वर जाते, हे तिने हेरलं होतं.

"मग तिला शिक्षा केलीत?"

"शिक्षा कसली? हुशार होती ती, फक्त चुकीच्या पुस्तकावर. मी फळ्याकडे तोंड करून प्रश्न विचारायला लागले. आणि मधूनच उगाच भुवई उडवायची. महिनाभर गोंधळली बिचारी, मग नाइलाजाने विज्ञान शिकली."

सकाळी प्रभुदेसाईंनी व्यवहारी तोडगा तयार ठेवला होता. घाडीची टोळी खालच्या खोलीत जाईल, गाऱ्हाणं घालील, वर समितीला पत्ता लागणार नाही. दिवा हिरवा, सही झाली, मग सावकाश काय ती दुरुस्ती करा. ते इतक्या मायेने समजावत होते, की नकार देणं उद्धटपणा वाटावा. शाल्मलीच्या तोंडावर होकार आलाही होता. सात वर्षं आणि एक नारळ, यांत तुलना कसली.

तेवढ्यात नफीसा आत आली. विमानात ताटकळत बसावं लागल्याची तिची तक्रार नव्हती. तिला एकच जाणून घ्यायचं होतं.

"परवाचा लाल दिवा समुद्रामुळे लागला, की तुमच्यामुळे? धावपट्टीवर उभी असताना मला लाटा दिसत नाहीत, मॅडम. तो एक दिवा दिसतो. तो कुणाचं ऐकून लागतो, ते तरी कळू दे."

प्रभुदेसाई काहीतरी बोलणार होते. शाल्मली उठली आणि सरळ कुरियनसाहेबांच्या केबिनमध्ये गेली.

तिने सगळं सांगितलं, परिपत्रकापासून सासूबाईंपर्यंत. साहेबांनी तो आवाज ऐकायला मागितला. पूर्ण ऐकला. त्यांच्या मिशीखाली काय चाललंय हे कळायला मार्ग नव्हता. मग त्यांनी शनिवारपर्यंत मुदत दिली आणि दोन अटी घातल्या. लाल दिवा डावलायची जी कळ आहे, ती शनिवारी तिच्याच हाताखाली राहील, दाबायची की नाही ते तिनेच ठरवायचं. आणि त्या दिवशी विनाकारण एकदा जरी लाल दिवा लागून उड्डाण अडलं, तरी जाळं बाद.

त्या कळीला गोदीतले इंजिनिअर सासूचं बटण म्हणत, कारण ती दाबली की घरात आणखी कुणाचं मत विचारलं जात नाही. शनिवारपर्यंत शाल्मलीने ती इतकी दाबली, की अंगठा दुखायला लागला. गाऱ्हाणं नाही, जाळ्याचा नकार, ती कळ दाबणार, गाडा सुसाट समुद्रात, सगळं सुखरूप. पुन्हा तेच. दर वेळी जाळ्याला कळत होतं, की थरथर नव्हती तरी काही बिघडलं नाही. गाडे ओढून आणायला गोदीचे टग अपुरे पडले, तेव्हा कातळशेतचे मासेमार आपल्या बोटी घेऊन आले. त्यांना ही शर्यतच वाटली. गाडा पडायचा अवकाश, चारी बाजूंनी दोर.

फळ्याकडे तोंड करणं झालं, आता उगाच भुवई उडवायची होती. म्हणजे काम नसताना गाऱ्हाणं घालायचं, ज्यानंतर काहीच होणार नाही. इथे सुहास घाडी अडला. काही मागायचं नसताना देवाला हाक मारणं त्याला मंजूर नव्हतं. रिकामं बोलवायला देव काय लिफ्टमन आहे का, असं त्याचं म्हणणं. शाल्मलीने तासभर तर्क लढवून पाहिला. शेवटी तडजोड निघाली, की दर वेळी काहीतरी खरं मागायचं, फक्त नौकेबद्दल नाही.

मग विनतेच्या पोटात जी गाऱ्हाणी झाली, तशी जगातल्या कुठल्या युद्धनौकेवर झाली नसतील. कॅन्टीनच्या आमटीत डाळ दिसावी म्हणून झालं. प्रभुदेसाईंचा गुडघा बरा व्हावा म्हणून झालं, आणि तिथे प्रभुदेसाई स्वतः "व्हय म्हाराजा" म्हणायला हजर होते. वेल्डिंगच्या टीमने रंगखात्याला क्रिकेटमध्ये हरवावं म्हणून झालं, आणि लगेच शेजारच्या खोलीत त्याच्या उलट झालं. काझी उस्तादांच्या मुलीला जावयाने मुंबईला नेऊ नये म्हणून एक झालं. त्यासाठी उस्ताद बाहेर उभे राहिले, पण दार उघडं ठेवून. खोबरं इतकं साचलं, की कॅन्टीनने तीन दिवस सोलकढी फुकट वाटली.

शुक्रवारी दुपारी शाल्मलीचा अंगठा कळीवर होता. गाडा तयार, कुठे गाऱ्हाणं नाही. ती दाबणार तोच दिवा आपला आपण हिरवा झाला. क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग काझी उस्तादांनी क्रेनचा भोंगा वाजवला आणि त्याला मासेमारांच्या बोटींनी उत्तर दिलं.

शनिवारी नफीसा पुन्हा विमानात बसली. हिरवा दिवा लागायला वेळ लागला नाही. चुंबकांनी विमान हातोहात पुढे दिलं, डेकची कड संपली, विमान किंचित खाली गेल्यासारखं झालं आणि मग असं वर चढलं, की टोप्या सांभाळत उभ्या असलेल्या साहेबलोकांच्या माना एकदम मागे गेल्या. कुरियनसाहेबांनी घड्याळात पाहिलं आणि दुसरं विमान पुढे घ्यायची खूण केली.

लाल दिवा.

समुद्र शांत होता. चुंबक ठीक, वारा ठीक, ब्रिजवरून निरोप आला की सगळं ठीक. डेकवरची माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. सुहास घाडीचे ओठ हलायला लागले आणि त्याने ते हाताने दाबून धरले. प्रभुदेसाई शाल्मलीच्या कानाशी आले. कळ दाब, ते म्हणत होते, विमान गेलं की दिव्याबद्दल कोण विचारणार, दाब ना. कुरियनसाहेब वळून तिच्याकडे बघत होते. बोलत अर्थातच नव्हते.

तिचा अंगठा कळीवर होता. समोरच्या पडद्यावर नुसती एक रेघ होती. नौकेच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाला, कण्याच्या अगदी तळाला, पोलाद ताणलं जात होतं. किती, तर एखाद्या केसाइतकं. ही जुनी खोड आहे, की खरंच काही आहे? विचारायला जगात दुसरं कुणी नव्हतं. जिला विचारायचं तिने उत्तर देऊन टाकलं होतं. लाल.

शाल्मलीने हात कळीवरून काढला आणि मांडीवर ठेवला.

प्रभुदेसाईंनी कपाळाला हात लावला. मग डेकचा पुढचा भाग हळूच वर आला, आळस दिल्यासारखा, आणि खाली गेला. अजून खाली गेला. दूर कुठेतरी अरबी समुद्रात वादळ होऊन गेलं होतं आणि त्याच्या लांबच लांब लाटांचा एक कळप येऊन पोचला होता. पहिल्या लाटा इतक्या लांब आणि बसक्या, की डोळ्याला त्या सपाट पाणीच वाटाव्यात. कण्याला मात्र त्यांची चाहूल आधी लागली होती. तिसरी लाट मोठी होती. नाळ पाण्यात गेली, फवारा धावपट्टीच्या टोकावरून आत आला, विमानाच्या चाकांच्या साखळ्या ताणल्या गेल्या आणि कुरियनसाहेबांनी कठड्याला घट्ट धरलं. त्या घडीला विमान सोडलं असतं तर ते आकाशाऐवजी थेट त्या लाटेकडे गेलं असतं. हे सगळ्यांना दिसत होतं.

लाटा मागे सरकल्या. पडद्यावरची रेघ खाली बसली. डेक स्थिर झाला न झाला, तोच दिवा हिरवा झाला आणि दुसरं विमान गेलं.

"तिने नाही म्हटलं तेव्हा तुम्हाला काय दिसलं होतं?" कुरियनसाहेबांनी विचारलं.

"काहीच नाही, सर," शाल्मली म्हणाली.

"मलाही नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या मिशीखाली जे काय इतके दिवस दडलं होतं, ते पहिल्यांदाच बाहेर आलं. साहेब हसताना अगदी कुणाच्याही मामासारखे दिसत होते.

प्रभुदेसाईंचा चहा मघाशीच त्यांच्या शर्टावर सांडला होता. तो पुसत ते भोवतीच्या लोकांना मोठ्याने सांगत होते, की जाळ्यावर विश्वास ठेवा असं मी पहिल्यापासून म्हणत होतो. त्यांना कुणी खोडून काढलं नाही. सगळे वर बघत होते. दोन्ही विमानं वळून नौकेच्या डोक्यावरून येत होती आणि खाली बोटींमधले मासेमार उभे राहून हात हलवत होते.